आम्ही पियानो निवडतो

भाजीबाजारातून वांगी निवडून आणण्याचा अधिकार आमच्या घरात आम्हांस आजतागायत मिळालेला नाही. संसाराच्या पहिल्याच वर्षी आम्ही आणलेल्या वांग्यांपैकी निम्मी किडकी निघाली, आणि त्या दिवसापासून ते खाते आमच्याकडून काढून घेण्यात आले. निर्णय न्याय्य होता. त्याविरुद्ध आम्ही कधी अपील केले नाही. असे असता, जिच्या पोटात हजारो सुटे भाग असतात, जिची किंमत आमच्या कित्येक महिन्यांच्या वेतनाइतकी असते, आणि जी वाजविणे तर दूरच, पण जिच्यासमोरच्या बाकावर आम्ही उभ्या आयुष्यात एकदाही बसलो नव्हतो, अशी वस्तू निवडण्याचे काम गेल्या वर्षी आम्ही आपण होऊन अंगावर घेतले. आत्मविश्वासाला अज्ञानासारखे दुसरे खत नाही, हे सुज्ञ वाचकांस निराळे सांगावयास नको.

पियानो हवा होता तो आमच्या सौभाग्यवतींना. बावीस वर्षे त्यांनी आमच्या पुण्याच्या घरी, बाहेरच्या खोलीत, मुलींना गाणे व पेटी शिकविली. आतल्या खोलीत आम्ही उत्तरपत्रिका तपाशीत असू आणि बाहेर भूपाचे आरोह-अवरोह चाललेले असत. त्या शिकवणीची फी दरमहा पोस्टात जाई. तिचा आकडा आम्ही कधी विचारला नाही. हे आमचे औदार्य होते असे कोणी समजू नये. तो आकडा विचारण्याजोगा असेल असे आम्हांस वाटलेच नव्हते. ठेवीची मुदत पुरी होऊन तो कळला, तेव्हा आम्ही चष्मा काढून पुसला व पुन्हा लावला. "आता पाटल्या करून टाका," असा सल्ला आम्ही दिला. त्यावर त्या म्हणाल्या, "मला पियानो शिकायचा आहे."

त्यांचे बालपण मुंबईस गिरगावात गेलेले. खोताच्या वाडीलगतच्या एका चाळीत त्यांचे बिऱ्हाड होते, आणि वाडीतल्या एका ख्रिस्ती कुटुंबाच्या लाकडी सज्जाच्या घरातून रोज तिसऱ्या प्रहरी पियानो ऐकू येई. वाजविणारे कोण, हे त्यांनी कधी पाहिले नाही. खिडकीशी बसून त्या तांदूळ निवडीत आणि ऐकत. पुढे पेटी आली, गाणे आले, आम्ही आलो, मुले आली. चाळीस वर्षांत या खिडकीविषयी त्या आमच्याशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या, की बोलल्या होत्या आणि आम्ही ऐकले नव्हते, याचा निकाल आम्हांस अद्याप लावता आलेला नाही.

"बावन्नाव्या वर्षी?" असे आम्ही तोंडाने म्हटले नाही, एवढे श्रेय आमचे आम्ही घेतो. परंतु आमच्या भुवयांनी ते म्हटले असावे; कारण त्या हसून म्हणाल्या, "हो, बावन्नाव्याच वर्षी."

मग आम्ही तयारीस लागलो. प्राध्यापकाची तयारी म्हणजे ग्रंथालय. पंधरा दिवसांत आम्ही पियानोवर सहज दोन व्याख्याने देऊ शकलो असतो, आणि जेवणाच्या वेळी ती दिलीही. फ्लॉरेन्स शहरी मेदिची घराण्याच्या पदरी असलेल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नामक कारागिराने सन १७०० च्या सुमारास हे वाद्य प्रथम घडविले, आणि त्याच्या हातचे १७२० सालचे एक वाद्य न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आजही आहे, हे आम्ही पहिल्या दिवशी सांगितले. त्यापूर्वीच्या हार्पसिकॉर्डात तार पिसाच्या टोकाने छेडली जाई. पट्टी हळू दाबा की जोराने, आवाज जवळजवळ तोच. क्रिस्तोफोरीने तारेवर हातोडी मारण्याची व ती तत्काळ मागे पडण्याची युक्ती काढली. त्यामुळे बोटाचे वजन आवाजात उतरू लागले. म्हणून या वाद्याचे नाव हळू व मोठा, पियानो आणि फोर्ते, असे जोडनाव पडले. काळाच्या ओघात त्यातले 'मोठा' गळाले आणि 'हळू' तेवढे राहिले. हे सांगताना आमचा स्वर मात्र बराच मोठा असावा. कारण धाकट्या चिरंजीवांनी ताट घेऊन आतल्या खोलीत प्रयाण केले.

जाताजाता त्यांनी एक सूचना केली, ती अगदीच टाकाऊ नव्हती. विजेवर चालणारा पियानो घ्यावा, असे त्यांचे म्हणणे. त्याला अठ्ठ्याऐंशी पट्ट्या असतात, बोटाला वजन लागते, पावसाळ्यात तो बिघडत नाही, सुरात लावावा लागत नाही, आणि कानाला नळ्या लावून वाजविला तर शेजाऱ्यांसही कळत नाही. लहान घरांसाठी व नवशिक्यांसाठी त्याची सोय मोठी आहे, हे आम्हीही मान्य करतो. परंतु सौभाग्यवती म्हणाल्या, "मी वाजवते आहे हे शेजाऱ्यांना कळलं तर काय बिघडलं? खिडकीतून मलाही कळलंच होतं." यावर चिरंजीव निरुत्तर झाले.

आता आमच्या पराक्रमाकडे वळतो. विद्यापीठाच्या कामासाठी आम्हांस मुंबईस जावयाचे होते. तेथे जुनी वाद्ये विकणाऱ्या एका गृहस्थांचा पत्ता मिळाला होता. निघताना सौभाग्यवतींनी पंचवीस हजार रुपये आमच्या हाती दिले व बजावले, "बरा वाटला तर मला आधी दाखवा. मी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका." आम्ही मान हलविली. मान हलविण्यास प्राध्यापकास वचन देण्याइतके श्रम पडत नाहीत.

तो पियानो आम्ही पाहिला मात्र, आणि आमचे भान हरपले. काळपट अक्रोडी लाकूड, पुढच्या फळीवर कोरलेल्या वेली, मेणबत्त्यांसाठी दोन्ही बाजूंस पितळेचे वळणारे हात, आणि मध्यभागी सोनेरी अक्षरांत एक भारदस्त जर्मन नाव! विक्रेत्याने पट्ट्यांवरून बोट फिरवून "अस्सल हस्तिदंत" असे सांगितले. त्या खोलीत आम्हांस एकोणिसाव्या शतकातल्या सगळ्या इंग्रजी कादंबऱ्या एकदम आठवल्या. जेन ऑस्टेनच्या १८१५ सालच्या 'एमा'मध्ये जेन फेअरफॅक्स नावाच्या एका निर्धन तरुणीच्या दारी लंडनच्या ब्रॉडवुड यांच्याकडून एके दिवशी अवचित पियानो येतो. पाठविणाऱ्याचे नाव नसते. तो असतो तिच्याशी गुप्तपणे वाङ्निश्चय केलेला फ्रँक चर्चिल. हा प्रसंग तीस वर्षे वर्गात शिकविताना त्या अवचित भेटीचे आम्ही नेहमीच कौतुक करीत आलो होतो. तशीच एक भेट आपणही द्यावी, सौभाग्यवतींना दारात उभा पियानोच दाखवावा, असा मोह आम्हांस झाला. ज्या पैशांनी ती भेट व्हावयाची होती ते पैसे त्यांचेच होते, ही गोष्ट त्या क्षणी आमच्या मनात आली नाही. आम्ही पंचवीस हजारांचा विसार दिला. पावतीवर बारीक अक्षरांत लिहिले होते की विसार परत मिळणार नाही. बारीक अक्षरे वाचण्याचा आमचा चष्मा खिशात होता.

घरी येऊन गुपित दोन तासही टिकले नाही. सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "बरं. मग उरलेले पैसे देण्याआधी एकदा जाणत्याला दाखवू या." त्यांच्या एका विद्यार्थिनीच्या ओळखीने पियानो सुरात लावणारे एक वृद्ध गोमंतकीय गृहस्थ मिळाले. गोव्याच्या गावोगावी चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्य स्वरलेखन व व्हायोलिन शिकविण्याची जुनी परंपरा होती. मुंबईच्या वाद्यवृंदांत व सिनेमाच्या संगीतात इतके गोवेकर वादक आढळत ते तिच्याचमुळे. हे गृहस्थ त्याच परंपरेतले. पुढच्या रविवारी आम्ही तिघे त्या विक्रेत्याकडे गेलो.

सौभाग्यवतींनी मधली एक पट्टी दाबली आणि लगेच म्हणाल्या, "हा उतरलेला आहे. अर्धा स्वर तरी." वृद्ध गृहस्थांनी पिशवीतून स्वरकाटा काढून गुडघ्यावर मारला, कानाशी धरला आणि मान डोलविली. मग त्यांनी वरचे झाकण उघडले, पुढची कोरीव फळी दोन्ही हातांनी उचलून बाजूस ठेवली, आणि विजेरीच्या उजेडात आम्हांस त्या वाद्याचे अंतरंग दाखविले. पियानोत सुमारे सव्वादोनशे तारा असतात. खर्जात एका स्वरास एक, मध्यावर दोन, वर तीन. त्या सर्वांचा मिळून ताण पंधरा-वीस टनांच्या घरात जातो. हा ताण पेलण्यासाठीच बॉस्टनच्या अल्फियस बॅबकॉक याने १८२५ साली अखंड ओतीव लोखंडी चौकटीचे पेटंट घेतले. हा सगळा भाग आम्हांस पाठ होता. परंतु लोखंड ताण पेलत असले तरी प्रत्येक तारेचे टोक गुंडाळलेली खुंटी शेवटी लाकडाच्या फळीतच घट्ट बसलेली असावी लागते. ही फळी चिरली की खुंटी सैल होते, आणि मग पियानो कितीही लावा, तो सुरात राहत नाही. पुस्तकात हेही होते. आम्ही ते पान वाचले होते आणि उलटले होते.

वृद्ध गृहस्थांनी एका खुंटीवर किल्ली बसविली व आम्हांस म्हणाले, "साहेब, जरा फिरवा." ती लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरली. तारांचा ताण कमी राहावा आणि दोष झाकावा, म्हणूनच तो अर्धा स्वर उतरवून ठेवला होता. हातोड्यांच्या नमद्याला कसर लागली होती. आवाज थांबविणाऱ्या गाद्या हातोड्यांच्या वरच्या बाजूस होत्या. इंग्रजी जुन्या पियानोंची ही रीत, हिच्यात सूर नीट थांबत नाही व एकात एक मिसळतो. हस्तिदंताची पट्टी बहुधा दोन तुकड्यांची असून तिच्यावर बारीक सांधा दिसतो. येथे सांधा नव्हता, म्हणजे ते सेल्युलॉइड. आणि ते भारदस्त जर्मन नाव? ते आतल्या लोखंडावर कोठेच नव्हते. "नाव पाहुण्यांसाठी असतं, साहेब," ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "वाजवणाऱ्यासाठी नव्हे."

विसार बुडाला. परतीच्या गाडीत सौभाग्यवती खिडकीशी बसल्या होत्या. कर्जतपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. घाट चढून गाडी खंडाळ्यास आली तरी काही बोलल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर आम्हांस बचाव करता आला असता; दोन-चार युक्तिवाद आम्ही तयारही ठेवले होते. पण बावीस वर्षांच्या संध्याकाळच्या शिकवण्यांपैकी किती संध्याकाळी आपण त्या दुकानात ठेवून आलो, याचा हिशेब आमच्याच मनात सुरू झाला, आणि तो पुण्यापर्यंत पुरला. तेव्हा प्रथमच आमच्या ध्यानात आले की 'एमा'मधला तो पियानो आल्यावर सगळे गाव तर्क करीत बसते, फ्रँक चर्चिल मनातल्या मनात खूष होतो, आणि सर्वांच्या देखत लाजेने लाल व्हावे लागते ते एकट्या जेनला. तिला कोणता पियानो आवडला असता, हे पाठविणाऱ्याने तिला विचारलेलेच नसते. तीस वर्षे शिकवून हा अर्थ आम्हांस दिसला नाही. त्याला पंचवीस हजार रुपये मोजावे लागले, आणि तेही दुसऱ्याचे.

पुढची निवड आम्ही केवळ पाहिली. दोन महिन्यांत सौभाग्यवतींनी त्या वृद्ध गृहस्थांबरोबर सहा वाद्ये तपासली. आमच्याकडे पिशवी धरण्याचे काम होते. त्यांची रीत अशी: प्रथम डावीकडून उजवीकडे प्रत्येक पट्टी एकेकदा दाबावयाची, एकही सोडावयाची नाही. मग प्रत्येक पट्टी शक्य तितकी हळू दाबावयाची. मोठा आवाज कोणतेही वाद्य देते. अगदी हळू दाबल्यावर ज्याची प्रत्येक पट्टी बोलते, कोणतीही मुकी राहत नाही, ते वाद्य खरे. आणि शेवटी मध्य सप्तकातला एक स्वर दाबून धरावयाचा, तो विरेपर्यंत डोळे मिटून बसावयाचे. तानपुरा लावताना त्यांना आम्ही असेच बसलेले शेकडो वेळा पाहिले होते. नादाच्या फळीत जीव किती आहे, हे त्या विरण्यावरून कळते, असे वृद्ध गृहस्थ म्हणाले.

पाचव्या वाद्याशी त्यांनी षड्ज धरून त्याबरोबर गंधार दाबला, आणि त्या थांबल्या. "गंधार चढा," असे पुटपुटल्या. आता आमची वेळ आली असे वाटून आम्ही पिशवी खाली ठेवली. पियानोत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. त्यामुळे कोणताही स्वर षड्ज धरून वाजविता येतो, पण त्या सोयीची किंमत म्हणून शुद्ध गंधार अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या हिश्श्याने चढा राहतो, असे आम्ही सांगू लागलो. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, पेटीतही तसाच असतो. बावीस वर्षं मुलींना सांगत आले, पेटीचा गंधार ऐका, पण गाऊ नका." आम्ही पिशवी पुन्हा उचलली. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत राहिली, त्या बंदीमागे हाही आक्षेप होता. मींड नाही आणि स्वर बांधलेले, हा आणखी एक. सौभाग्यवतींना हे सगळे ठाऊक होते, आणि पियानोकडून त्या मींडेची अपेक्षा करीतच नव्हत्या. गळ्याने जे येते ते त्यांच्यापाशी होतेच. गळ्याने जे येत नाही, एकाच वेळी उमटणारे तीन-चार स्वर आणि त्यांची एकमेकांवर पडणारी सावली, ते त्यांना हवे होते. खिडकीतून त्यांनी ऐकले होते ते तेच.

सहावे वाद्य जपानी होते. शाळेत वापरलेले, साध्या तपकिरी लाकडाचे, एका बाजूस लांब ओरखडा. ना वेली, ना पितळ. त्याच्या शेजारी एक काळाभोर, आरशासारखा चकाकणारा पियानो उभा होता, आणि खरे सांगावयाचे तर आमची नजर तिकडेच जात होती. त्यांनी दोन्ही वाजवून पाहिले आणि ओरखड्याच्या वाद्यापाशी परत आल्या. वृद्ध गृहस्थांनी चार खुंट्या फिरवून पाहिल्या. त्यांना जोर लावावा लागला. "बाई, हा तुमचा," ते म्हणाले. आम्हांस कोणी विचारले नाही, आणि ते योग्यच होते.

अडीचशे किलो वजनाची वस्तू दुसऱ्या मजल्यावर कशी चढली, याचे वर्णन आम्ही करीत नाही. आम्ही दार मोजून ठेवले होते. जिन्याचे वळण मोजले नव्हते. पाच हमालांनी ते काम केले आणि आम्ही पाणी दिले. पियानो बाहेरच्या ओलीच्या भिंतीपासून दूर, उन्हाच्या तिरिपेबाहेर ठेवला. मुंबईच्या दमट हवेतून आलेल्या लाकडाला पुण्याच्या हवेची सवय व्हावी म्हणून तीन आठवडे थांबून मग तो सुरात लावला. पावसाळ्यात पट्ट्या फुगून अडकू नयेत म्हणून आत खालच्या बाजूस एक मंद दिवा लावण्याची आपल्याकडची जुनी रीत आहे. त्यासाठी उष्णता देणारा जुन्या पद्धतीचा तारेचा दिवाच लागतो. हल्लीचे दिवे उजेड देतात, ऊब देत नाहीत. तो शोधण्यासाठी आम्ही चार दुकाने हिंडलो. या सर्व प्रकरणात आमच्याकडून घडलेली हीच काय ती उपयुक्त कामगिरी.

आता संध्याकाळी मुली गेल्यावर सौभाग्यवती दिवा लावून पियानोसमोर बसतात. आठवड्यातून दोनदा त्यांच्याहून तीस वर्षांनी लहान असलेल्या शिक्षिकेकडे जातात आणि येताना घरचा अभ्यास घेऊन येतात. डावा हात उजव्याचे ऐकत नाही, ही त्यांची मोठी तक्रार आहे. एकच ओळ वीस वेळा वाजते, एकविसाव्यांदा पुन्हा चुकते. आम्ही आतल्या खोलीत उत्तरपत्रिका तपाशीत असतो, आणि त्या ओळीपाशी आमचे पेन आपोआप थांबते. अलीकडे समोरच्या इमारतीतली एक लहान मुलगी त्या वेळी गॅलरीत येऊन उभी राहते, असे आम्हांस दिसले. सौभाग्यवतींची तिच्याकडे पाठ असते. आम्ही अद्याप त्यांना सांगितलेले नाही.

मार्चअखेर प्राप्तिकराच्या कामासाठी आम्हांस त्यांची हिशेबाची वही पाहावी लागली. पियानो, वाहतूक, हमाली, सुरात लावण्याची मजुरी, दिवा, सगळे स्वच्छ अक्षरांत मांडलेले होते. बुडालेल्या पंचवीस हजारांची नोंद आम्ही भीतभीतच शोधली. नुकसानीच्या रकान्यात ती नव्हती. शिक्षणाच्या खर्चात, त्यांच्या स्वतःच्या फीच्या वरच्याच ओळीत, ती सापडली. तेथे लिहिले होते: 'यांची शिकवणी, एक वेळ.'